पाच रेघा, बारा उच्चार

गुहागरात नवख्या माणसाने कुणाच्या घराची चौकशी केली की उलट प्रश्न येतो, ‘वरच्या पाटात की खालच्या?’ इथे पाट म्हणजे गावाचा भाग. त्या पाटातल्या घरात जेवायला बसायचं ते लाकडी पाटावर. मागच्या आगरात पोफळींना पाणी पोचतं ते मातीच्या पाटाने. आणि जुन्या माणसांच्या बोलण्यात कधीमधी येतो तो विधवेने लावलेला पाट. उच्चार एक, अर्थ चार. तरी कुणी गोंधळत नाही, कारण आजूबाजूचे शब्द अर्थ सांगून मोकळे होतात.

जपानी लिपीत याच्या उलट चालतं. तिथे चिन्ह एक असतं, त्यामागचे अर्थही साधारण एकाच कुळातले असतात, पण उच्चार बदलत राहतो. डोळ्यांना ओळख पटते आणि जीभ अडते. या चिन्हांना कांजी म्हणतात. त्यांतलं एक साधं अक्षर जपानी मुलं पहिलीतच गिरवतात : तीन आडव्या रेघा, त्यांना छेदत तळापर्यंत येणारी एक उभी रेघ आणि वर डावीकडे एक छोटी तिरपी. जमिनीतून वर आलेल्या कोंबाचं हे प्राचीन चिनी चित्र. त्याचा अर्थ जन्म, जगणं, उगवणं. आजच्या चिनी भाषेत त्याचा उच्चार एकच आहे, ‘शंग’च्या जवळचा. जपान सरकारच्या नित्य वापरातल्या कांजींच्या तक्त्यात मात्र या एका अक्षरासमोर बारा वाचनं छापलेली आहेत. आणि प्रत्यक्ष व्यवहारात ती बाराही पुरत नाहीत.

मासळीची वाट आणि नोकरीची वाट

महाराष्ट्रात जपानी शिकायचं मोठं ठिकाण म्हणजे पुणं. फर्ग्युसन रस्त्यावरच्या रानडे इन्स्टिट्यूटमधला पुणे विद्यापीठाचा परकीय भाषा विभाग, टिळक महाराष्ट्र विद्यापीठाचा जपानी विभाग आणि ‘जाल्टॅप’ ही जपानी शिक्षकांची संघटना यांच्यामुळे तिथे शिकणाऱ्यांच्या पिढ्या तयार झाल्या. सिंहगड रस्त्यावरचं पु. ल. देशपांडे उद्यान ओकायामा शहरातल्या कोराकुएन बागेच्या धर्तीवर उभारलेलं आहे, हे तिथे फिरायला जाणाऱ्या अनेकांना ठाऊक असतं.

रत्नागिरी जिल्ह्यात जपानी शब्द शिरला तो मात्र मासळीच्या वाटेने. राणी माशासारख्या मासळीचं मांस काढून, धुऊन, वाटून त्याचा पांढरा गोळा गोठवतात. त्या मालाला रत्नागिरीच्या कारखान्यांत सगळे ‘सुरिमी’ म्हणतात. ‘सुरु’ म्हणजे वाटणं आणि ‘मि’ म्हणजे मांस. हा शब्द शुद्ध जपानी आहे.

आता तिसरी वाट उघडली आहे, नोकरीची. जपानमध्ये माणसं म्हातारी होत चालली आणि काम करणारे हात कमी पडू लागले. म्हणून त्या देशाने एप्रिल २०१९मध्ये परदेशी कुशल कामगारांसाठी नवा व्हिसा सुरू केला. वृद्धांची शुश्रूषा, खाद्यपदार्थांचे कारखाने, शेती, मासेमारी अशी क्षेत्रं त्यात येतात. या योजनेसाठी भारत आणि जपान यांच्यात जानेवारी २०२१मध्ये करार झाला. ऑगस्ट २०२५मध्ये दोन्ही देशांनी पुढच्या पाच वर्षांत पाच लाख माणसांच्या देवाणघेवाणीचं उद्दिष्ट जाहीर केलं. त्यांतले ५० हजार भारतातून जपानला जाणारे कुशल लोक असावेत, असं त्यात म्हटलं आहे. कामाचं कौशल्य आणि भाषेची प्राथमिक परीक्षा, दोन्ही लागतात. गुहागरसारख्या गावातून मुंबईला जाणं पिढ्यान्‌पिढ्या चालत आलं. आता त्या यादीत ओसाका आणि नागोया ही नावंही बसू शकतात. फक्त मुंबईला जाताना कुणाला नवी लिपी शिकावी लागली नव्हती.

मराठी माणसाला काय सोपं जातं

जपानी भाषा तीन लिप्या एकत्र करून लिहितात. हिरागाना आणि काताकाना या दोन ध्वनींच्या लिप्या आहेत. प्रत्येकीत मूळ ४६ अक्षरं आहेत आणि एका अक्षराला एकच उच्चार, जवळपास आपल्यासारखाच. तिसरी कांजी.

पहिल्या दोन लिप्यांचा तक्ता पाहिला की मराठी वाचकाला आपली बाराखडी दिसू लागते. आ, इ, उ, ए, ओ असे पाच स्वर. मग का, सा, ता, ना, हा, मा, या, रा, वा अशा ओळी. हा क्रम वर्णमालेवरूनच घेतलेला आहे. भारतातून चीनमार्गे जपानला गेलेल्या बौद्ध मंत्रांची सिद्धम् लिपी भिक्षू अभ्यासत असत. संस्कृत ध्वनिशास्त्राची कंठापासून ओठांपर्यंत येणारी मांडणी त्यांनी आपल्या अक्षरांना लावली. इ.स. ८०४मध्ये चीनला गेलेल्या आणि दोन वर्षांनी परतलेल्या कूकाई या भिक्षूचं नाव सिद्धमच्या या परंपरेत आदराने घेतात. त्याने स्थापन केलेल्या कोयासान पर्वतावरच्या मठांत ती अक्षरं आजही लिहिली जातात. कोयासान विद्यापीठात २०१५मध्ये डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचा पुतळाही उभा राहिला.

उच्चारातही मराठी कामी येते. ‘त्सुनामी’मधला ‘त्सु’ म्हणताना अनेक परदेशी लोक अडखळतात. मराठी माणूस चूल आणि चुलता म्हणताना जो च वापरतो, तो जवळजवळ तोच आहे. वाक्यात क्रियापद शेवटी येतं, विभक्तीसारखे प्रत्यय नामाच्या मागे लागतात, तेही ओळखीचं. त्यामुळे पहिले काही महिने गाडी सुरळीत धावते. ती अडते कांजीशी.

‘१ ला’ कसा वाचायचा?

एकाच चिन्हाचे दोन-तीन उच्चार ही गोष्ट आपल्याला वाटते तेवढी परकी नाही. मराठी लिहिताना आपण आकड्यांच्या बाबतीत नेमकं हेच करतो. वाण्याच्या बिलावर ‘१’ दिसला की ‘एक’ वाचतो. शाळेच्या निकालावर ‘१ ला’ असेल तर ‘पहिला’ म्हणतो. ‘एकला’ कुणी म्हणत नाही. आणि पंचांगात ‘चैत्र शु. १’ दिसलं की तोंडून ‘चैत्र शुद्ध प्रतिपदा’ येतं. चिन्ह एक आणि वाचनं तीन : एक रोजचं, एक शेपटीला ‘ला’ लावलेलं आणि एक थेट संस्कृतातून आलेलं.

कांजीची सारी व्यवस्था या तिन्हींत सामावते. पाचव्या शतकाच्या सुमारास चिनी अक्षरं कोरियामार्गे जपानमध्ये आली तेव्हा जपान्यांकडे स्वतःची लिपी नव्हती, भाषा मात्र होती. त्यांनी अक्षरांसोबत चिनी उच्चार उचलले, आपल्या जिभेला वळवून. आपण संस्कृत शब्द जसे जसेच्या तसे घेतले तसेच हे. या वाचनाला ‘ओन’ म्हणतात. मग त्याच अक्षरावर त्यांनी त्या अर्थाचा आपला देशी शब्दही बसवला. ते ‘कुन’ वाचन. देशी क्रियापदाचं रूप बदलतं, म्हणून अक्षरापुढे हिरागानाची शेपटी जोडतात. ‘१ ला’मधला ‘ला’ जे काम करतो तेच काम ही शेपटी करते : अर्थ आकड्यात राहतो आणि वाचन शेपटी सांगते.

आपल्या कोंबाच्या अक्षराची ओन वाचनं दोन, ‘सेइ’ आणि ‘शो’. दोन असण्याचं कारण इतिहासात आहे. चिनी शब्द जपानमध्ये एकदाच आले नाहीत. पहिली लाट दक्षिण चीनच्या बाजूची, बौद्ध ग्रंथांबरोबर आलेली, ‘शो’ तिच्यातला. दुसरी लाट सातव्या-आठव्या शतकांत तांग राजवटीच्या राजधानीत शिकून आलेल्या विद्वानांची आणि भिक्षूंची, ‘सेइ’ तिच्यातला. म्हणून धर्मातले जुने शब्द बहुधा ‘शो’ने वाचतात. जन्म, जरा, व्याधी, मरण या बुद्धाने सांगितलेल्या चार दुःखांची जपानी मालिका ‘शो-रो-ब्यो-शि’ अशी आहे. तिच्यातला पहिला ‘शो’ म्हणजे हेच अक्षर. सर्व प्राणिमात्रांना ‘शुजो’ म्हणतात. त्यात ‘शो’चा ‘जो’ झाला आहे. शाळा, राज्यकारभार, विज्ञान यांतले शब्द मात्र ‘सेइ’कडे झुकतात : ‘गाकुसेइ’ म्हणजे विद्यार्थी, ‘सेइकात्सु’ म्हणजे रोजचं जीवन, ‘एइसेइ’ म्हणजे स्वच्छता आणि आरोग्य.

आणि ‘सेन्सेइ’. शिक्षकांना, डॉक्टरांना, वकिलांना जपानी माणूस याच शब्दाने हाक मारतो. पहिलं अक्षर ‘आधी’, दुसरं ‘जन्मलेला’. ‘गुरुजी’ म्हणताना जशी गुरू या शब्दाची फोड कुणी करत बसत नाही, तशीच ‘सेन्सेइ’ म्हणताना जपानी माणूसही करत नाही. पण नवशिक्याला हा शब्द तोंडपाठ असतोच, म्हणून ‘सेइ’ लक्षात ठेवण्याचा तो सर्वांत सोपा खुंटा.

शेपटीवरून घोडा ओळखणं

तक्त्यातल्या बारांपैकी उरलेली दहा वाचनं कुन आहेत. ती चार कुळांत विभागली की भीती निम्मी होते.

पहिलं कूळ जगण्याचं. ‘इकिरु’ म्हणजे जगणं. दिग्दर्शक अकिरा कुरोसावा यांच्या १९५२च्या प्रसिद्ध चित्रपटाचं नाव हेच. ‘इकासु’ म्हणजे जिवंत ठेवणं आणि पुढे जाऊन एखाद्या गोष्टीचा पुरेपूर उपयोग करून घेणं. नोकरीच्या मुलाखतीत ‘अनुभव कामी लावीन’ म्हणायला हेच क्रियापद येतं. ‘इकेरु’ म्हणजे फुलं पाण्यात रचून ठेवणं, त्यावरून इकेबाना. मासळी विकणारे ज्या हौदात जिवंत मासे सोडून ठेवतात त्याला म्हणतात ‘इकेसु’.

दुसरं कूळ जन्माचं : ‘उमारेरु’ जन्मणं, ‘उमु’ जन्म देणं. तिसरं उगवण्याचं. ‘हाएरु’ हे क्रियापद गवताला लागतं, बाळाच्या दातांना लागतं आणि बुरशीलाही लागतं. ‘हायासु’ म्हणजे वाढवणं, उदाहरणार्थ दाढी. ‘ओउ’ हेही उगवण्याचंच, पण जरा पुस्तकी.

शेपटी नसती तर हे सगळं अंदाजपंचे झालं असतं. अक्षरापुढे ‘किरु’ दिसलं तर ‘इकिरु’, ‘मारेरु’ दिसलं तर ‘उमारेरु’, ‘एरु’ दिसलं तर ‘हाएरु’. त्यामुळे कुन वाचनं पाठ करताना अक्षर एकटं लिहू नये, शेपटीसकट लिहावं, असं शिक्षक बजावतात.

चौथं कूळ शेपटीवाचूनचं, आणि सर्वांत रुचकर.

‘नामा’ : कच्चं, ताजं, थेट

‘नामा’ म्हणजे न शिजवलेलं, प्रक्रिया न झालेलं. ‘नामाझाकाना’ कच्चा मासा, ‘नामातामागो’ कच्चं अंडं. जपानी खानावळीत टेबलाशी बसल्या बसल्या लोक ‘आधी नामा आणा’ म्हणतात तेव्हा त्यांना मासा नको असतो, पिंपातून ओतलेली बिअर हवी असते. दूरचित्रवाणीवर ‘नामाहोसो’ म्हणजे थेट प्रक्षेपण. बांधकामावर ‘नामाकोन’ म्हणजे गिरणीतून तयार होऊन आलेलं ओलं काँक्रीट. स्वयंपाकघरातला ओला कचरा ‘नामागोमि’.

कोकणात राहणाऱ्याला या कुटुंबातले दोन शब्द विशेष भावतील. ‘नामाबोशि’ म्हणजे पुरता न सुकवलेला, आत ओल राखलेला मासा. आणि ‘नामागावाकि’ म्हणजे वाळत घातलेले पण न वाळलेले कपडे. जपानमध्येही जून-जुलैत पावसाळा असतो, त्यामुळे घरात दोऱ्या बांधून कपडे वाळवणं आणि त्यांचा कुबट वास येणं हा तिथल्या साबणाच्या जाहिरातींचा नेहमीचा विषय. आषाढात गुहागरात काय होतं ते सांगायला नको.

याच ‘नामा’ला एक जुना भाऊ आहे, ‘कि’. अर्थ भेसळ नसलेलं, निर्भेळ. ‘किइतो’ म्हणजे कच्चं रेशीम. दोघा भावांतला फरक सोया सॉसच्या बाटलीवर चांगला कळतो. ‘कच्चं’ आणि ‘सोया सॉस’ यांची तीच अक्षरं ‘किजोयु’ वाचली तर अर्थ होतो, ज्यात दुसरं काही मिसळलेलं नाही असा सॉस. ‘नामाशोयु’ वाचली तर ज्याला उष्णता दिलेली नाही असा. मजकूर एकच, माल निराळा. ग्राहक गोंधळू नये म्हणून कंपन्या बाटलीवर वाचन छोट्या अक्षरांत छापतात.

खाद्यपदार्थांच्या कारखान्यात काम करायला जाणाऱ्याला याहून गंभीर उदाहरण भेटतं. जपानी बाजारात कालवांच्या पाकिटांवर दोन प्रकारचे शिक्के असतात. एक ‘सेइशोकुयो’, म्हणजे कच्ची खाण्यासाठी. दुसरा ‘कानेत्सुयो’, म्हणजे शिजवून खाण्यासाठी. दोन्ही कालवं ताजीच असतात. फरक ती कुठल्या पाण्यात वाढली आणि नंतर त्यांच्यावर काय प्रक्रिया झाली यात असतो. पहिल्या शिक्क्यावर आपलंच अक्षर आहे. अर्थ ‘नामा’चा, कच्चं, पण वाचन ‘सेइ’, कारण शब्द चिनी धाटणीचा, जोडाक्षरी आहे. खडकावर कोयत्याने कालवं फोडणाऱ्या किनाऱ्यावरच्या माणसाला कालव कसं ओळखायचं ते शिकवावं लागणार नाही. पाकीट वाचायला मात्र शिकावं लागेल.

तीच दोन अक्षरं

ढोबळ नियम असा की दोन-तीन कांजी एकमेकींना चिकटून आल्या की ओन वाचन, आणि एकटी कांजी शेपटीसह आली की कुन. हा नियम नवशिक्याला बरंच अंतर नेतो. मग ठेचा लागायला लागतात.

‘जीव’ आणि ‘वस्तू’ ही दोन अक्षरं शेजारी लिहिली आणि ‘सेइबुत्सु’ वाचली तर अर्थ सजीव. शाळेतला जीवशास्त्राचा तासही तोच. तीच दोन अक्षरं ‘नामामोनो’ वाचली तर अर्थ नाशवंत खाद्यपदार्थ. एखाद्या खोक्यावर हे लिहिलेलं असेल तर आत मासळी किंवा मिठाई आहे आणि खोकं लगेच फ्रिजमध्ये टाकायचं आहे. जीवशास्त्राचं पुस्तक आहे असं समजून ते बाजूला ठेवणारा पस्तावेल.

‘जीव’ आणि ‘फूल’ या जोडीची तर चार वाचनं प्रचलित आहेत. फुलांच्या दुकानावर ‘सेइका’, म्हणजे ताजी फुलं. प्लास्टिकच्या फुलांशी तुलना करताना ‘नामाबाना’. कला म्हणून ‘इकेबाना’. आणि इकेनोबो या इकेबानाच्या सर्वांत जुन्या घराण्यातल्या एका विशिष्ट रचनेचं नाव ‘शोका’. फुलं तीच, अक्षरं तीच. कोण बोलतंय आणि कुठे बोलतंय, त्यावर उच्चार ठरतो.

काही शब्दांत तर अक्षरं नुसती अर्थापुरती येतात आणि उच्चार अख्ख्या शब्दाचा असतो, अक्षरागणिक वाटून देता येत नाही. हिरवळीला ‘शिबाफु’ म्हणतात. त्यात आपलं अक्षर ‘फु’ आहे असं मानावं लागतं. जुन्या कालगणनेतला तिसरा महिना ‘यायोइ’; त्यात ते ‘योइ’. असे रुळलेले शब्द सरकारी तक्त्याच्या शेवटी वेगळ्या यादीत दिले आहेत.

नावं : जिथे जपानीही विचारतात

जोडशब्द पाठ करता येतात, नावं मात्र माणसागणिक बदलतात. ‘पंख’ आणि ‘जीव’ या दोन अक्षरांचं एक आडनाव आहे. २०१४ आणि २०१८च्या हिवाळी ऑलिम्पिकमध्ये सुवर्णपदक जिंकणारा स्केटर युझुरु ते ‘हान्यु’ असं वाचतो. शोगी, म्हणजे जपानी बुद्धिबळ, या खेळात १९९६ साली सातही किताब एकाच वेळी पटकावणारा योशिहारु तेच आडनाव ‘हाबु’ असं वाचतो. दोघेही घराघरांत ठाऊक असलेले, आणि दोघांची आडनावं लिहायला अगदी सारखी. माजी पंतप्रधान तारो आसो यांच्या आडनावातही हे अक्षर आहे. तीच दोन अक्षरं कावासाकी शहरातला एक विभाग ‘आसाओ’ अशी वाचतो. तोक्योच्या पश्चिमेला ‘सुख’ आणि ‘जीव’ या अक्षरांचं एक शहर आहे, त्याचं नाव ‘फुस्सा’. तर्काने तिथे पोचणं शक्य नाही. तिथल्या माणसालाच विचारावं लागतं.

म्हणूनच जपानमधल्या कुठल्याही अर्जावर नावाच्या रकान्याच्या वर आणखी एक अरुंद रकाना असतो. तिथे वाचन ध्वनिलिपीत लिहायचं. या वाचनाला फुरिगाना म्हणतात. गंमत अशी की नागरिकांच्या कौटुंबिक नोंदवहीत, म्हणजे ‘कोसेकि’त, नावाची अक्षरं वर्षानुवर्षं होती, पण उच्चाराची कायदेशीर नोंद नव्हती. २६ मे २०२५पासून कायद्यातल्या दुरुस्तीमुळे तीही बंधनकारक झाली. जपानी नागरिकांना आपल्याच नावाचा उच्चार सरकारला कळवायची वेळ आली.

निवडणुकीत हा प्रश्न आणखी टोकदार होतो, कारण तिथला मतदार बहुतेक निवडणुकांत उमेदवाराचं नाव कोऱ्या चिठ्ठीवर स्वतःच्या हाताने लिहितो. अवघड कांजी असलेले उमेदवार म्हणून आपलं नाव हिरागानात देतात. एप्रिल २०१९मध्ये तोक्योच्या एदोगावा विभागाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक हे मराठी गृहस्थ निवडून आले. जपानमध्ये निवडून आलेले ते पहिले भारतीय वंशाचे लोकप्रतिनिधी. मतदार त्यांना ‘योगी’ या दोन अक्षरी नावाने ओळखत. लिहायला त्याहून सोपं नाव शोधूनही सापडलं नसतं.

मग शिकायचं कसं?

बारा वाचनांची यादी एका कागदावर लिहून भिंतीला चिकटवायची, हा मार्ग बहुतेक जण आधी धरतात आणि बहुतेक जण सोडतात. यादीतलं ‘शो’ पाठ असून उपयोग नाही, ते कुठल्या शब्दात येतं हे माहीत हवं. जपानी मुलंही यादी पाठ करत नाहीत. पहिलीत ती ८० कांजी शिकतात, सहावीपर्यंत १,०२६. पण त्या शिकायच्या आधी त्यांच्या तोंडात शब्द बसलेले असतात. ‘उमारेरु’ हा शब्द त्यांना आधीपासून ठाऊक असतो, मग त्याला अक्षर मिळतं. परदेशी विद्यार्थ्याने उलट दिशेने सुरुवात केली, अक्षर आधी आणि शब्द नंतर, की ओझं वाढतं.

म्हणून चांगले शिक्षक प्रत्येक वाचनाला एक रोजचा शब्द बांधून देतात. ‘सेइ’साठी ‘सेन्सेइ’. ‘शो’साठी ‘इश्शो’, म्हणजे जन्मभर. ‘इकिरु’, ‘उमारेरु’, ‘हाएरु’ यांना एकेक वाक्य. ‘नामा’साठी कच्चा मासा. ‘कि’ आणि ‘ओउ’ तूर्त बाजूला ठेवले तरी बिघडत नाही. अर्ज भरणाऱ्याने ‘सेइनेनगाप्पि’, म्हणजे जन्मतारीख, हा शब्द मात्र पहिल्याच दिवशी शिकावा, कारण तो व्हिसाच्या कागदापासून दवाखान्याच्या कार्डापर्यंत सगळीकडे भेटतो.

मोबाइलने आणखी एक शिस्त लावली आहे. जपानी टाइप करताना अक्षर थेट उमटत नाही. आधी उच्चार टाइप करायचा, मग फोन समोर ठेवतो त्या कांजींतून योग्य ती निवडायची. ‘गाकुसेइ’ टाइप केलं तर विद्यार्थी येतो. वाचन चुकलं तर शब्द येतच नाही. वाचन न येणारी कांजी पडद्यावर बोटाने काढून शोधता येते, पण दर शब्दाला ते करणारा लवकरच कंटाळतो आणि वाचन शिकतो.

जपानी भाषेची जेएलपीटी ही परीक्षा १९८४ साली सुरू झाली. एन-५पासून एन-१पर्यंत तिच्या पाच पायऱ्या आहेत. भारतात ती जुलै आणि डिसेंबरमध्ये होते. महाराष्ट्रात पुणे आणि मुंबई ही केंद्रं आहेत. गुहागरच्या उमेदवाराला त्यासाठी चिपळूण गाठून पुढची गाडी धरावी लागते. पायऱ्या पाच झाल्या त्या २०१०पासून, आणि तेव्हापासून कुठल्या पायरीला कुठल्या कांजी, याची अधिकृत यादी प्रसिद्ध होत नाही. बाजारातल्या याद्या जुन्या प्रश्नपत्रिकांवरून बेतलेल्या असतात. प्रश्नाचा साचाही बोलका आहे. एक पूर्ण वाक्य, त्यातल्या एका शब्दाखाली रेघ आणि खाली चार वाचनं. नुसतं अक्षर देऊन ‘याचा उच्चार काय’ असं कुणी विचारत नाही.

अर्धवट तयारीवर जाणाऱ्यांसाठी जपानीत एक म्हण आहे, ‘नामाब्योहो वा ओकेगा नो मोतो’. कच्ची शस्त्रविद्या मोठ्या जखमेचं मूळ. आपल्याकडे अर्ध्या हळकुंडाने पिवळं होतात, तिथे कच्च्या तलवारीने जखमी होतात. त्या म्हणीच्या पहिल्या शब्दातही हेच ‘नामा’ बसलेलं आहे.

सरकारी तक्त्यात एकूण २,१३६ कांजी आहेत. त्यांतल्या बहुसंख्य इतक्या खोडकर नाहीत. दोन-तीन वाचनांत त्यांचं भागतं. कोंबाच्या अक्षराशी बरोबरी करणारं, तक्त्यात बारा वाचनं मिरवणारं आणखी एक अक्षर आहे, तेही पहिलीतलंच आणि अवघ्या तीन रेघांचं. त्याचा अर्थ ‘खाली’. ‘चिकातेत्सु’ म्हणजे भुयारी रेल्वे, त्यात ते ‘का’ असतं. ‘कुत्सुशिता’ म्हणजे पायमोजे, त्यात ‘शिता’. विनंती करताना नवशिका पहिल्याच धड्यात ‘कुदासाइ’ म्हणायला शिकतो, त्यातही ते दडलेलं असतं. आणि जपानी माणूस भेटला की प्रत्येक विद्यार्थी जे वाक्य हमखास म्हणतो, ‘निहोंगो गा हेता देसु’, माझं जपानी कच्चं आहे, त्यातला ‘हेता’ लिहिताना हेच अक्षर आधी काढावं लागतं. त्याच्या बारा वाचनांत ‘हे’ कुठेच नाही.